त्रासदायक माणसे आणि ख्रिस्ती सहनशीलता

शत्रूवर प्रेम करावे ही ख्रिस्ती धर्माची शिकवण ख्रिस्ती नसलेल्यांनाही ऐकून माहीत असते. तिच्यावर व्याख्याने पुष्कळ होतात, वादही होतात. परंतु आपल्यापैकी बहुतेकांना शत्रू म्हणावा असा माणूस आयुष्यात क्वचितच भेटतो. आपल्या वाट्याला येतात ती त्रासदायक माणसे. सभेत एकच मुद्दा तीन तीनदा उगाळणारा सभासद, कचेरीत सरळ प्रश्नाला वाकडे उत्तर देणारा सहकारी, नळावर रोज नवी कुरापत काढणारी शेजारीण, अंथरुणाला खिळल्यावर साऱ्या घराला धारेवर धरणारे वडीलधारे. यांच्यापैकी कोणीही आपला जीव घेऊ पाहत नाही. ती फक्त आपले डोके खातात, आणि तेही रोज.

शांतिब्रह्म म्हणून एकनाथांची ख्याती महाराष्ट्रात आहे. गोदावरीत स्नान करून येताना एक उपद्रवी माणूस त्यांच्या अंगावर पुन्हा पुन्हा थुंकला आणि नाथ तितक्याच वेळा शांतपणे नदीवर परतले, ही आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ती थोर आहे यात शंका नाही. पण घाटावरचा उपद्रवी संध्याकाळी आपल्या घरी जातो. एकाच छपराखाली, एकाच पंक्तीला, वर्षानुवर्षे ज्याच्याशी गाठ आहे त्याचे काय करायचे, हा प्रश्न निराळा आहे. ख्रिस्ती परंपरेने या प्रश्नाचा फार बारकाईने विचार केला आहे, कारण तिच्यात मठ होते, मंडळ्या होत्या, आणि जिथे माणसे एकत्र राहण्याची शपथ घेतात तिथे हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात उभा राहतो. हा विचार ख्रिस्ती नसलेल्यांनाही उपयोगी पडेल असे आम्हांस वाटते.

प्रथम शब्दांकडे पाहू. जुन्या करारात देवाचे वर्णन करताना मंदक्रोध या अर्थाचा जो हिब्रू वाक्प्रचार येतो, त्याचा अक्षरशः अर्थ ‘लांब नाकाचा’ असा होतो. हिब्रू भाषेत नाक हे रागाचे स्थान. राग आला की नाकपुड्या फुलतात, श्वास तापतो. नाक लांब असेल तर राग शेंड्यापर्यंत यायला वेळ लागणार! आपल्याकडे तापट माणसाला ‘राग अगदी नाकाच्या शेंड्यावर’ असे म्हणतात. दोन भाषा एकमेकींपासून इतक्या दूर, पण दोघींनीही रागाचा पत्ता एकाच ठिकाणी लिहून ठेवला आहे, ही मोठी गमतीची गोष्ट आहे.

नवा करार ग्रीक भाषेत आहे. त्यात सहनशीलतेला दोन शब्द येतात आणि दोहोंत मोठा भेद आहे. एक ‘हुपोमोने’, म्हणजे ओझ्याखाली टिकून राहणे. दुसरा ‘माक्रोथुमिया’, म्हणजे राग लांबणीवर टाकणे. दुष्काळ, आजार, गरिबी, छळ यांच्यापुढे लागते ती पहिली. माणसांशी वागताना लागते ती दुसरी. चौथ्या शतकातील विख्यात धर्मोपदेशक योहान क्रिसोस्तोम याने आणखी एक मार्मिक भेद दाखविला. ज्याचा आपण सूड घेऊ शकत नाही त्याच्या बाबतीत हुपोमोने. ज्याचा सूड घेणे आपल्या हाती असूनही आपण तो घेत नाही त्याच्या बाबतीत माक्रोथुमिया. म्हणूनच देवाच्या सहनशीलतेविषयी बोलताना हा दुसरा शब्द वापरतात. देवावर ओझे कोण ठेवणार?

हा भेद आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. आपण मराठीत ‘सोसणे’ या एकाच क्रियापदात दोन्ही कोंबतो आणि मग घोटाळा होतो. साहेबापुढे मान खाली घालणारा कारकून आणि कारकुनाच्या चुकांवर न खवळणारा साहेब, दोघेही सोसतातच. पण पहिल्याला दुसरा मार्ग नसतो. त्रासदायक माणसाशी धीराने वागणे हा ज्या अर्थी ख्रिस्ती सद्गुण मानला आहे, त्या अर्थी तो समर्थाचा सद्गुण आहे. प्रत्युत्तर जिभेवर तयार आहे, ते वर्मी लागेल हेही ठाऊक आहे, आणि तरीही ते गिळले, तर त्याला सहनशीलता म्हणावयाचे. भीतीने गप्प बसण्याला तो मान देता येत नाही.

आता प्रत्युत्तर गिळावे तरी का? याचे उत्तर मत्तयाच्या शुभवर्तमानातील अठराव्या अध्यायात एका दृष्टांतरूपाने आले आहे. पेत्राने विचारले, भावाला किती वेळा क्षमा करावी, सात वेळा? त्यावर येशूने एका राजाची गोष्ट सांगितली. राजाच्या एका सेवकाकडे दहा हजार टॅलंट येणे होते. त्याने पाय धरून मुदत मागितली, आणि राजाने सगळेच कर्ज सोडून दिले. तोच सेवक बाहेर पडला तो शंभर दीनार देणे असलेल्या आपल्या सोबत्याचा गळा धरूनच. सोबत्यानेही अगदी त्याच शब्दांत मुदत मागितली, पण याने त्याला तुरुंगात टाकले. मुदत मागताना दोघांनी वापरलेले क्रियापद माक्रोथुमियाचेच आहे.

या आकड्यांचा हिशेब सहसा कोणी करीत नाही, म्हणून करून पाहू. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. एक टॅलंट म्हणजे सुमारे सहा हजार दीनार. तेव्हा सेवकाचे कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतके, आणि सोबत्याचे शंभर दिवसांच्या. एकास सहा लाख असे हे प्रमाण पडते. शंभर दिवसांची मजुरी ही काही क्षुल्लक रक्कम नव्हे, हेही ध्यानात घ्यावे. दुसऱ्याने दिलेला त्रास खोटा आहे, मनावर घेण्याजोगा नाही, असे दृष्टांत म्हणत नाही. देणे खरे आहे. फक्त ते मागणाऱ्याने आपली स्वतःची वही आधी उघडून पाहावी. ख्रिस्ती सहनशीलतेचा पाया हा असा आहे. तो मनाच्या शांतीवर रचलेला नाही, आणि समोरचा मुळात चांगलाच आहे या समजुतीवरही नाही. मला कोणीतरी फार मोठ्या रकमेची सूट दिलेली आहे, या जाणिवेवर तो रचलेला आहे.

येशूचे स्वतःचे शिष्य काही सोपी माणसे नव्हती. याकोब आणि योहान या भावांना त्याने ‘मेघगर्जनेचे पुत्र’ असे टोपणनाव दिले होते. एका शोमरोनी गावाने उतरायला जागा नाकारली, तेव्हा आकाशातून अग्नी पाडून ते गाव जाळावे काय, असे या दोघांनी विचारले. शेवटच्या भोजनाच्या रात्रीसुद्धा आपल्यात मोठा कोण यावर शिष्यांची बाचाबाची झाल्याचे लूक नोंदवितो. तुमचे किती दिवस सोसू, असा उद्गारही येशूच्या तोंडून निघाल्याचे शुभवर्तमानांत आले आहे, आणि तो तेथे ठेवला गेला याचे आम्हांस समाधान वाटते. प्रमुख याजकापुढे चौकशी चालू असताना एका शिपायाने तोंडात मारली, तेव्हा येशू गप्प बसला नाही. माझ्या बोलण्यात वाईट काय होते ते दाखव, नाहीतर मारतोस का, असा जाब त्याने विचारला. दुसरा गाल पुढे करण्याची शिकवण देणाऱ्याचेच हे वर्तन आहे. म्हणजे जाब विचारणे आणि सूड न घेणे या दोन्ही गोष्टी एका माणसात एकाच वेळी नांदू शकतात.

सहनशीलतेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिणाऱ्या आद्य लेखकांपैकी एक, कार्थेजचा तर्तुल्यन, हा अत्यंत तापट मनुष्य होता. सुमारे इसवी सन २०० च्या आसपास त्याने हा ग्रंथ लिहिला, आणि जो गुण आपल्यात नाही त्यावर आपण लिहीत आहोत अशी कबुली आरंभीच देऊन टाकली. आजारी माणसाने आरोग्याची स्तुती करावी तशी ही स्तुती, असे त्याचे म्हणणे. त्याच शहराचा बिशप सिप्रियन याने २५६ साली याच विषयावर लिहिले तेही रोमच्या बिशपाशी कडाक्याचा वाद चालू असताना. या विषयावर लिहिणारे बहुधा गरजू असतात.

यापुढची गोष्ट मात्र तत्त्वाची नसून व्यवहाराची आहे, आणि तीच आम्हांस अधिक मोलाची वाटते. सहाव्या शतकात इटलीत बेनेडिक्ट नावाच्या मठाधिपतीने मठवासीयांसाठी एक नियमावली लिहिली. लहान लहान त्र्याहत्तर प्रकरणे आहेत. ती वाचताना असे वाटते की या माणसाला माणसांचा कंटाळा येण्याचे सर्व प्रकार ठाऊक होते. उदाहरणार्थ, मठाचा कोठारी. धान्य, कपडे, भांडी सर्व त्याच्या ताब्यात. तेव्हा अवाजवी मागणी घेऊन येणारे त्याच्याच दाराशी येणार. बेनेडिक्ट सांगतो, मागणी गैर असेल तर नकार द्यावा, पण मागणाऱ्याला तुच्छ लेखून दुखवू नये. आणि देण्याजोगे काहीच नसेल तर निदान एक चांगला शब्द द्यावा. नकार आणि अपमान या दोन निराळ्या वस्तू आहेत, हे आपल्या कचेऱ्यांतील खिडक्यांवर अजून पुष्कळांना समजावयाचे आहे!

रुग्णांविषयीचे प्रकरण असेच. रुग्णाची सेवा प्रत्यक्ष ख्रिस्ताची सेवा समजून करावी, असे तो म्हणतो. आणि लगेच रुग्णालाही बजावतो की नसत्या मागण्या करून सेवा करणाऱ्यांना छळू नये. येथवर कोणीही लिहिले असते. पण बेनेडिक्ट पुढे म्हणतो की असे रुग्ण निघतीलच, आणि त्यांनाही धीराने सोसावे. पाहुणा म्हणून आलेला परका मठवासी मठातील दोष दाखवू लागला तर? रागावू नका, कदाचित देवाने त्याला त्याचसाठी पाठविले असेल, तेव्हा मठाधिपतीने विचार करावा. मात्र तो पाहुणा खरोखरच उपद्रवी ठरला, तर सभ्यपणे त्याला निघून जाण्यास सांगावे. आणि खुद्द मठाधिपतीला तो समजावतो की गंज काढण्याच्या भरात भांडे फार घासू नये, ते फुटावयाचे.

सहनशीलतेला सीमा आहे, हेही या नियमावलीत स्पष्ट आहे. न सुधारणाऱ्या बंधूबाबत मठाधिपतीने वैद्यासारखे वागावे: आधी लेप, मग औषध, मग डाग, आणि सर्वांची प्रार्थनाही निष्फळ ठरली तर शेवटी शस्त्र, म्हणजे मठातून काढणे. या उपायांत छड्यांचाही समावेश आहे. तो त्या काळाचा भाग होता, त्याचे समर्थन आज कोणी करू नये. मठ सोडून गेलेला परत आला तर त्याला तीन वेळांपर्यंत घ्यावे, त्यापुढे नाही. बेनेडिक्टच्या चरित्रात ग्रेगरी पोपने एक गोष्ट सांगितली आहे. एका मठातील लोकांनी त्याला आग्रहाने अधिपती केले. त्याची शिस्त सोसेना तेव्हा त्यांनीच त्याच्या मद्यात विष घातले. त्याने क्रूसाची खूण करताच पेला फुटला. तो रागावला नाही. देव तुम्हांला क्षमा करो, तुमच्या स्वभावाला मानवेल असा अधिपती शोधा, असे सांगून तो आपल्या एकांतात निघून गेला. चमत्काराचा भाग बाजूला ठेवला तरी त्याने दोन्ही गोष्टी केल्या, हे पाहण्यासारखे आहे: क्षमाही केली आणि तेथे राहिलाही नाही.

याच परंपरेत तेराशे वर्षांनी फ्रान्समधील लिझ्यू गावच्या कार्मेल मठात तेरेजा नावाची एक मुलगी होती. १८७३ मध्ये जन्म, पंधराव्या वर्षी मठप्रवेश, चोविसाव्या वर्षी, १८९७ मध्ये, क्षयाने मृत्यू. पुढे १९२५ मध्ये तिला संतपद मिळाले. मृत्यूच्या काही महिने आधी मठाच्या प्रमुखांच्या आज्ञेवरून तिने आपल्या आठवणींचा शेवटचा भाग लिहिला. त्यात साक्षात्कार फारसे नाहीत, शेजारणी आहेत.

प्रार्थनेच्या वेळी तिच्याजवळ बसणारी एक भगिनी तोंडाने एक विचित्र बारीक आवाज करीत असे, दोन शिंपले एकमेकांवर घासल्यासारखा. इतरांना तो ऐकूही येत नसे; तेरेजाला मात्र घाम फुटे. मागे वळून एक नजर टाकली असती तर काम झाले असते. तिने तो आवाज न ऐकण्याचा प्रयत्न केला, जमले नाही. मग तिने उलटच केले. जणू सुंदर वाद्यवादन चालू आहे अशा रीतीने तो लक्षपूर्वक ऐकावयाचा आणि तेच देवापुढे ठेवावयाचे, असे ठरविले. धुण्याच्या जागी समोरची भगिनी रुमाल आपटताना घाण पाणी तिच्या तोंडावर उडवी. तोंड पुसून मागे सरकले की समोरचीला कळते. तेवढेही तिने केले नाही.

एक वृद्ध, पांगळी भगिनी होती. संध्याकाळी सहाला दहा कमी असताना तिला प्रार्थनेतून उठवून भोजनगृहात न्यावे लागे. तिचे बाकडे विशिष्ट पद्धतीने उचलावयाचे, मागून कमरेचा पट्टा धरून चालावयाचे. जरा पाय अडखळला की, तू फार घाईने चालतेस, मी पडणार! हळू चालावे तर, तुझा हात कुठे आहे, तू मला सोडलेस! तुझ्यासारख्या पोरीला हे काम जमणार नाही हे मी आधीच सांगितले होते! आजारी माणसाची शुश्रूषा केलेल्या प्रत्येकाला हा संवाद तोंडपाठ असेल. तेरेजाने हे काम मागून घेतले होते. काही दिवसांनी तिच्या ध्यानात आले की या म्हातारीला भाकरी कापताना त्रास होतो; तेव्हापासून ती भाकरी कापून देई आणि निघताना एकदा हसून पाही. म्हातारीचे मन जिंकले गेले ते या न मागितलेल्या गोष्टीने.

आणखी एक भगिनी तिला बोलण्यात, चालण्यात, स्वभावात, प्रत्येक बाबतीत नकोशी वाटे. तिच्याशी तेरेजा इतकी प्रेमाने वागली की त्या भगिनीने एकदा आनंदाने विचारले, माझ्यात तुला एवढे काय आवडते? हे ढोंग नव्हे काय, असा आक्षेप कोणी घेईल. आमच्या मते नाही. भावना आपल्या हुकमात नसतात, वागणूक असते. आणि ख्रिस्ती धर्मात प्रेम हा शब्द प्रामुख्याने वागणुकीविषयी आहे. शिवाय तेरेजा स्वतःविषयी फुशारकी मारीत नाही. उत्तर ओठावर आले आणि आवरेना, तेव्हा आपण सरळ पळ काढत असू, रणांगणातून पळणाऱ्या शिपायासारखा, असे ती लिहिते. हा पळ व्यवहारात फार उपयोगी आहे. दोन मिनिटे बाहेर जाऊन आल्याने जितकी भांडणे टळतात, तितकी उपदेशाने टळत नाहीत.

येथे एका अवघड जागी येतो. संत ऑगस्टीनने आपल्या आत्मवृत्तात आई मोनिका हिचे वर्णन केले आहे. चौथ्या शतकातील उत्तर आफ्रिका. नवरा पॅट्रिशियस मनाने उदार पण अतिशय रागीट. मोनिका त्याचा राग चढलेला असताना उलट बोलत नसे. तो शांत झाल्यावर योग्य वेळ पाहून आपली बाजू मांडी. येथवर हे शहाणपणच आहे. पण गावातील इतर बायका तोंडावर माराचे वळ घेऊन येत, तेव्हा विवाहाचा करार म्हणजे आपले दासीपत्र होय हे विसरू नका, असे ती त्यांना सांगे. सासूचे मन दासींच्या चहाड्यांनी कलुषित झाले होते. तेही मोनिकाने गोड वागून जिंकले, आणि मग सासूने सांगून त्या दासींना फटके देवविले. ऑगस्टीन हे सर्व कौतुकाने लिहितो. आम्हांस मात्र त्या बायकांचे वळ आणि त्या दासींच्या पाठी दिसतात. सूड घेण्याची शक्ती ज्याच्याजवळ आहे त्याने राग लांबणीवर टाकावा, हे मूळ सूत्र. मार खाणारीच्या हाती कोणती शक्ती होती? तिला सहनशीलतेचा उपदेश करणे म्हणजे माक्रोथुमियाच्या नावाखाली गुलामगिरी शिकविणे होय. आपल्या देशात २००५ मध्ये कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध स्त्रियांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचा आधार घेणारी ख्रिस्ती स्त्री सहनशीलतेत उणी पडली, असे कोणत्याही पाळकाने म्हणू नये. मत्तयाच्या ज्या अध्यायात क्षमेचा दृष्टांत आहे, त्याच अध्यायात त्याच्या आधी अपराध करणाऱ्याविषयी पायऱ्या सांगितल्या आहेत: प्रथम एकट्याने बोला, मग एकदोघांना सोबत न्या, मग मंडळीपुढे मांडा. गप्प बसा अशी पायरी तेथे नाही.

मराठी वाचकाला याचे जवळचे उदाहरण हवे असेल तर ‘स्मृतिचित्रे’ पाहावीत. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधली वर्षे दोघांच्याही धीराची कसोटी पाहणारी होती. एकत्र राहू लागल्यावरही लक्ष्मीबाईंनी काही काळ आपले सोवळे पाळले, आणि टिळकांनी ते पाळू दिले. दुसऱ्या बाजूस टिळकांचा शीघ्रकोप आणि हाती आलेला पैसा देऊन टाकण्याची सवय लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आली. त्यांनी ती कशी निभावली? विनोदाने. ख्रिस्ती लेखकांच्या सद्गुणांच्या याद्यांत विनोदबुद्धी सहसा आढळत नाही. लक्ष्मीबाई वाचल्यावर ती तेथे असावयास हवी होती असे वाटू लागते. त्या पुस्तकात तक्रार पानोपानी आहे, पण कटुता नाही, आणि नवऱ्याला उत्तर द्यावयाचे तेव्हा त्या देतातही.

शेवटी एक भांडण. प्रीती चिडत नाही असे करिंथ येथील मंडळीला लिहिणारा पौल स्वतः किती चिडत असे, हे प्रेषितांच्या कृत्यांत नोंदलेले आहे. मार्क नावाचा तरुण सोबती पहिल्या प्रवासात त्यांना अर्ध्यावर सोडून परत गेला होता. दुसऱ्या प्रवासाच्या वेळी बर्णबा म्हणाला, त्याला घेऊ. पौल म्हणाला, मुळीच नाही. दोघांत इतका तीव्र खटका उडाला की ते वेगळे झाले. त्या खटक्यासाठी ग्रंथकाराने वापरलेला ग्रीक शब्द आणि ‘प्रीती चिडत नाही’ यातील चिडण्याचे क्रियापद, दोन्ही एकाच धातूची आहेत. बर्णबा मार्कला घेऊन सायप्रसला गेला. त्याने पौलाशी वाद घालत बसण्याऐवजी त्या मुलाला आणखी एक संधी दिली. पुढे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, तुरुंगातून, थंडीपूर्वी आपला झगा आणि पुस्तके घेऊन ये असे सांगताना पौल मार्कलाही बरोबर आणावयास सांगतो. तो आपल्या उपयोगाचा आहे, म्हणतो.